थांबा, जोडून देते

फलकावर कागद लागला,
चार टाचण्या, एकही तिरकी नाही.
‘निवांत’चे व्यवस्थापन एक जूनपासून
नवीन कंपनीकडे जात आहे.
रहिवाशांनी निश्चिंत राहावे.

त्या रात्री चौदापैकी अकरा खोल्यांत
दोन वाजेपर्यंत दिवे होते.
मी मोजले. तीही जागीच की.

बत्तीस वर्षं सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजात
डोक्यावर हेडफोन चढवून मी म्हणत आले,
थांबा, जोडून देते.
बार्शी, विजापूर, गुलबर्गा.
लायटनिंग कॉल म्हणजे आठपट पैसे,
आणि बहुतेक वेळा कुणीतरी गेलेलं.
आता कंपनीचा नंबर लावला की
एक मुलगी सांगते, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,
आणि सनई लावून निघून जाते.
आमच्या सुपरवायझरबाईंनी अशीला
तासभर उभं केलं असतं.

सभा जेवणघरात झाली.
बाहेर त्रेचाळीस अंश, आत पडदे ओढलेले.
कंपनीचा मुलगा टाय लावून घामाघूम.
भिंतीवर त्यानं दोन हजार चाळीस सालचं निवांत दाखवलं.
समोर सगळ्यात धाकटी मी, अठ्ठ्याहत्तरची.
पोहायचा तलाव आला तशा शिवलीला हत्तुरे
कानडी हेलात म्हणाल्या,
आमच्याकडं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतंय रे बाळा,
पोहायचं कुठल्या वाराला?

मालय्या इरबत्ती उठले.
चादरीच्या मागावर जन्म गेला, कान तिथेच राहिले.
साखर पेठेतलं घर विकून भरलेले
माझे नऊ लाख अनामत,
ते आज कुणाच्या खिशात आहेत?
मुलगा म्हणाला, काका, ते प्रोसेसमध्ये आहे.
अण्णांनी माझ्याकडं बघितलं.
मी त्यांच्या कानाशी गेले,
जोडून दिलं:
ठाऊक नाही म्हणतोय.

रबियाबींनी विचारलं, रातची नर्स?
ऑन कॉल असेल, आजी.
अण्णांना मी सांगितलं, नसेल म्हणतोय.
मुलगा माझ्याकडं बघत राहिला.
चुकीचा नंबर मी कधी जोडला नाही.

जेवण बाहेरून येणार, डब्यातून, मोजून.
स्वयंपाकघराच्या दारात नागम्मा
कोरडेच हात पदराला पुसत उभी होती.
कुणाची कवळी सैल, कुणाला भाकरी
दुधात किती वेळ भिजवायची,
शेंगाचटणीत कुणाला लसूण नको,
हे कुठल्याच कागदावर नाही.
तिचं काय होणार, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.

रात्री बंगळूरहून मुलाचा फोन.
काय म्हणतायत नवे लोक?
छान आहेत, म्हटलं. तलाव बांधणारेत.
लाइन इतकी स्वच्छ होती
की त्याचा श्वास सुटलेला ऐकू आला.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतले माग
रात्रभर खटखटत असतात, त्यांची झोप लागते.
वीज गेली, ते थांबले,
की सगळं निवांत उठून बसतं.

आम्ही आपसात एक ठरवलंय.
सकाळी सहाला मी भिंतीवर दोन टकटक द्यायच्या,
पलीकडच्यानं पुढं द्यायच्या,
चौदा भिंती फिरून त्या माझ्याकडं परत.
फी नाही, अनामत नाही.

तिसऱ्याच दिवशी टकटक अकरावर अडकली.
अनवाणी धावलो सगळे,
काठ्या, वॉकर, नागम्मा पिठाच्या हातांनी.
दार ढकललं तर अण्णा
कानातलं यंत्र पेल्यात ठेवून
शांतपणे दाढी करत होते.

बहिऱ्याला मध्ये घेतलं कुणी, रबियाबी ओरडल्या.
मग वगळायचं कुणाला,
यावर कुणी काही बोललं नाही.

अण्णांच्या अर्ध्या गालाला फेस.
काय झालं, काय झालं, विचारत होते.
मला दम लागलेला.
थांबा, म्हटलं.